मोकळे, मोफत आणि मुभा

‘शकणे’ आणि ‘शिकणे’ ही सख्खी भावंडे आहेत. संस्कृतात ‘शक्’ म्हणजे समर्थ असणे, जमणे. त्याचे इच्छार्थी रूप ‘शिक्ष्’. ‘ज्ञा’वरून जिज्ञासा, ‘पा’वरून पिपासा, तसे ‘शक्’वरून शिक्ष्. म्हणजे शिकण्याचा मूळ अर्थ, एखादी गोष्ट आपल्याला जमावी अशी इच्छा धरणे. प्राकृतात त्याचे ‘सिक्ख’ झाले आणि तिथून मराठीत ‘शिकणे’ आले. ‘शिक्षा’ हा तत्सम शब्द मात्र मराठीत दंडाच्या अर्थाला चिकटला आणि विद्येसाठी ‘शिक्षण’ उरले. हिंदीत ‘शिक्षा’ अजून विद्येच्याच अर्थाने नांदतो.

इथवरचे अनेकांना ठाऊक असते. याच धातूचा आणखी एक अर्थ मात्र फारसा कोणी सांगत नाही. ऋग्वेदात ‘शिक्ष्’ हे क्रियापद देणे, साहाय्य करणे या अर्थानेही येते. इंद्राकडे मागणे मागताना ऋषी ते वापरतात. दुसऱ्याला जमावे म्हणून आपले बळ त्याच्या कामी लावणे, असा या अर्थाचा उलगडा कोशकार करतात. शिकणे, शिकवणे आणि देणे या तिन्ही क्रिया एकाच धातूत एकत्र राहत होत्या.

हे आज आठवण्याचे कारण आहे. ऑनलाइन शिक्षणाची चर्चा निघाली की ‘ओपन’, ‘शेअर’ आणि ‘कोलॅबरेशन’ हे तीन शब्द हमखास येतात. त्यांच्यासाठी आपण ‘मुक्त’, ‘वाटणे’ आणि ‘सहयोग’ किंवा ‘सहकार्य’ असे शब्द योजले आणि पुढे निघालो. पण हे शब्द कोरे नाहीत. प्रत्येकाच्या मागे मोठा भूतकाळ आहे, आणि तो आजच्या कामाला कुठे उपयोगी पडतो आणि कुठे आड येतो, हे शिक्षकांनी पाहण्याजोगे आहे.

‘मुक्त’चा धातू ‘मुच्’, म्हणजे सोडणे. मोक्ष, मुमुक्षू, विमोचन ही त्याच घरची मंडळी. प्राकृतात ‘मुक्त’चे ‘मुक्क’ झाले, त्याला ‘ल’ जोडला गेला आणि मराठीला ‘मोकळा’ मिळाला. एकाच धातूचे दोन शब्द, एक पोथीतून आलेला आणि एक लोकांच्या तोंडून आलेला. त्यांचे स्वभाव वेगळे झाले. ‘मुक्त’ म्हटले की आधी कुठेतरी बंधन होते आणि कोणीतरी ते सोडवले, असा भाव येतो: कर्जमुक्त, वेठबिगारीतून मुक्त. ‘मोकळा’ला असा इतिहास लागत नाही. मोकळे रान, मोकळा वेळ, मोकळे केस, मोकळ्या मनाचा माणूस. रान कोणी मोकळे केले असे आपण विचारत नाही.

शिक्षणात आपण ‘मुक्त’ घेतला. नाशिकला १९८९ साली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभे राहिले, डॉ. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. त्याआधी आंध्र प्रदेशात १९८२ मध्ये आणि दिल्लीत इंदिरा गांधींच्या नावाने १९८५ मध्ये अशी विद्यापीठे निघाली होती. या सगळ्यांसमोर आदर्श होता ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीचा. तिला १९६९ मध्ये सनद मिळाली. तिचे पहिले कुलपती लॉर्ड क्राउदर यांनी त्या वेळी ‘ओपन’चा अर्थ चार अंगांनी सांगितला होता: माणसांना खुले, ठिकाणांना खुले, पद्धतींना खुले आणि कल्पनांना खुले.

‘ओपन’ या इंग्रजी शब्दाचे मूळ ‘अप’शी, म्हणजे ‘वर’शी जोडले जाते. गंमत म्हणजे आपल्या ‘उघडणे’तही तेच आहे. ‘उद्’ म्हणजे वर. ‘उद्घाट’चे प्राकृतात ‘उग्घाड’ आणि मराठीत ‘उघड’. मंत्री करतात ते ‘उद्घाटन’ आणि आजीचे डब्याचे झाकण ‘उघडणे’, हे शब्द एकाच धातूचे आहेत. झाकण वर उचलणे, दार उघडणे, हीच त्यातली मूळ कृती.

मुक्त विद्यापीठांनी केले ते हेच, दार उघडले. बारावीची अट नव्हती, वयाची आडकाठी नव्हती, ज्याची शाळा मधेच सुटली त्याने पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करावा आणि पदवीला बसावे. शेती, संसार, नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी हे केवढे मोठे काम होते, ते अशा घरांमध्ये राहिलेल्यांनाच कळेल. त्याचे मोल मला जराही कमी करायचे नाही. पण त्या दारातून आत आलेल्या विद्यार्थिनीच्या हातात पडलेले पुस्तक इतर कोणत्याही पुस्तकासारखेच होते. त्याची प्रत काढायची, त्यातला धडा बदलायचा, आपल्या तालुक्यातली उदाहरणे घालून तो पुढे द्यायचा, यातले काही करण्याचा हक्क तिला नव्हता. दार मोकळे झाले होते, पुस्तक नव्हते.

पुस्तक मोकळे करण्याचा विचार इंटरनेटबरोबर आला. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या डेव्हिड वायली यांनी ‘ओपन कंटेंट’ हा शब्दप्रयोग रूढ केला. संगणकाच्या आज्ञावल्या ज्या अटींवर मुक्त केल्या जात होत्या, त्याच धर्तीवर पाठ आणि टिपणेही मुक्त करता येतील, अशी ती कल्पना होती. एप्रिल २००१ मध्ये एमआयटीने आपल्या अभ्यासक्रमांचे साहित्य जगासाठी खुले करण्याची घोषणा केली आणि पुढच्या वर्षी पहिले ५० अभ्यासक्रम प्रत्यक्ष ठेवले. जुलै २००२ मध्ये युनेस्कोच्या पॅरिसमधल्या बैठकीत अशा साहित्याला ‘ओपन एज्युकेशनल रिसोर्सेस’ हे नाव मिळाले. त्याच वर्षी डिसेंबरात, कर्त्याला आपले काम इतरांच्या वापरासाठी आधीच मोकळे करू देणारे क्रिएटिव्ह कॉमन्सचे पहिले परवाने आले.

आपल्याकडे या नावाचे ‘मुक्त शैक्षणिक संसाधने’ झाले. ‘संसाधने’ हा शब्द अहवालात चालतो, शिक्षकखोलीत नाही. तिथे ‘साहित्य’ म्हणतात: शैक्षणिक साहित्य, गणिताचे साहित्य, भिंतीवर लावायचे साहित्य. ‘सहित’पासून आलेला हा शब्द एकत्र असण्याचा अर्थ पोटात घेऊनच आलेला आहे. मग तो का सोडावा?

गोंधळ मात्र ‘मुक्त’ आणि ‘मोफत’मध्ये झाला. ‘मोफत’ फारसीतला ‘मुफ्त’. त्याचा अर्थ एवढाच की दाम पडत नाहीत. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दात स्वातंत्र्यही आहे आणि फुकटही, त्यामुळे रिचर्ड स्टॉलमन यांना मुक्त आज्ञावलीची चळवळ उभी करताना हा फरक आयुष्यभर समजावून सांगावा लागला. मराठीला ही अडचण मुळात नव्हती. आपल्याकडे दोन अर्थांना दोन निरनिराळे शब्द होते, वेगळ्या देशांतून आलेले, वेगळ्या आवाजाचे. तरी व्यवहारात आपण ते एकमेकांवर चढवले. एखाद्या पुस्तकाची पीडीएफ संकेतस्थळावरून उतरवून घेता आली की ते मुक्त झाले, असे आपण समजतो.

आपल्या शालेय पाठ्यपुस्तकांचेच पाहा. बालभारतीची पुस्तके आज कोणालाही मोबाइलवर विनामूल्य उतरवून घेता येतात. खेड्यातल्या पालकाला जूनमध्ये दुकानात पुस्तक मिळाले नाही तरी मुलाचा धडा अडत नाही. हे फार चांगले झाले. पण त्याच पुस्तकांच्या सुरुवातीला, सर्व हक्क मंडळाकडे राहतील आणि लेखी परवानगीशिवाय कोणताही भाग उद्धृत करता येणार नाही, अशा आशयाची सूचना छापलेली असते. पुस्तक मोफत आहे, मुक्त नाही. सार्वजनिक पैशातून तयार झालेले पाठ्यपुस्तक शिक्षकांना बदलून वापरता यायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या फरकाला नेमका शब्द हवा असेल तर तो मराठीत शतकानुशतके वापरात आहे: मुभा. कायद्याच्या भाषेत आपण ‘परवाना’ म्हणतो. तो फारसी शब्द हुकूमनाम्याचा आहे. वरून खाली येणारा, एका नावावर दिलेला. परवाना हातात नसेल तर अडवले जाते. ‘मुभा’ अरबी ‘मुबाह’वरून आली. इस्लामी धर्मशास्त्रात मुबाह म्हणजे जे करावे असा आदेश नाही आणि करू नये असा निषेधही नाही, जे माणसाच्या मर्जीवर सोडले आहे. ज्यावर कोणा एकाची मालकी नाही आणि जे कोणीही घ्यावे, अशा वस्तूंनाही तो शब्द लागतो. मराठीत येताना त्यातला धर्मशास्त्राचा भाग गळून पडला, पण मोकळीक राहिली. ‘त्याला हवे तसे करायची मुभा आहे’ असे आपण म्हणतो, तेव्हा दर वेळी जाऊन विचारावे लागत नाही, हे त्यात आलेच.

मुक्त साहित्याचा सारा मुद्दा इथेच आहे. वायलींनी त्याच्या पाच मुभा सांगितल्या आहेत: साहित्य स्वतःजवळ ठेवता यावे, वापरता यावे, त्यात फेरफार करता यावेत, दुसऱ्या साहित्यात ते मिसळता यावे आणि पुढे देता यावे. ‘जवळ ठेवता यावे’ ही मुभा त्यांनी २०१४ मध्ये मागाहून जोडली. विद्यार्थ्याने शुल्क भरले, सत्र संपले आणि त्याच्या पडद्यावरून पुस्तक नाहीसे झाले, असे प्रकार तोवर सर्रास होऊ लागले होते. छापील पुस्तकाच्या काळात ही मुभा वेगळी मागावी लागेल असे कोणाच्या मनातही आले नसते.

आता ‘वाटणे’. मराठीत या रूपाची निदान तीन क्रियापदे आहेत. मनाला वाटणे आणि पाट्यावर वाटणे यांची नाळ ‘वृत्’ धातूशी जोडतात. आपल्याला हवे ते तिसरे, ‘वण्ट्’ म्हणजे भाग करणे या धातूपासून आलेले. त्यातूनच वाटा, वाटणी, वाटप. मोबाइलवर ज्याला आपण ‘शेअर करणे’ म्हणतो त्या इंग्रजी शब्दाचे मूळही कापण्यातच आहे. कातरीसाठी आणि नांगराच्या फाळासाठी असलेले इंग्रजी शब्द त्याच कुळातले. दोन्ही भाषांमध्ये वाटणे म्हणजे तुकडे करणे. भावाभावांची वाटणी झाली की जमीन तेवढीच राहते आणि प्रत्येकाचा तुकडा लहान होतो. वाटून दिल्याने कमी होते, ही धास्ती या शब्दातच आहे.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा या शब्दाचे दोन्ही चेहरे एकदम दिसले. पुरस्कार १० लाख डॉलरचा. त्यातली अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना देण्याचे त्यांनी तिथेच जाहीर केले. ही खरी वाटणी. स्वतःचा हिस्सा अर्धा करणारी. पण ज्या कामाची दखल पुरस्काराने घेतली, ते पाठ्यपुस्तकातल्या पानांना क्यूआर कोड जोडून ध्वनिफिती, चित्रफिती आणि कविता मुलांपर्यंत पोचवण्याचे काम महाराष्ट्रातल्या असंख्य शाळांमध्ये गेले, तेव्हा परितेवाडीच्या मुलांचे काहीच कमी झाले नाही. त्या क्रियेला ‘वाटणे’ म्हणताना शब्द अपुरा पडतो. तिथे वाटा पडत नाही, प्रत निघते.

‘प्रत’ हा मराठीतला फार सुंदर शब्द आहे. संस्कृत ‘प्रति’ म्हणजे समोर, च्या दिशेने, च्या जोडीला. मराठीत ‘प्रत’ म्हणजे नक्कल आणि ‘प्रत’ म्हणजे दर्जाही: पुस्तकाच्या दोन प्रती, उच्च प्रतीचा तांदूळ. ‘नक्कल’ अरबी ‘नक़्ल’. तिचा मूळ अर्थ एका जागेवरून दुसरीकडे नेणे. आजही जमिनीच्या कागदांची प्रमाणित नक्कल मागताना तिला कोणी हलके समजत नाही, शाळेत मात्र ‘नक्कल’ म्हणजे चोरी झाली.

जुन्या काळी पोथी पुढे जायची ती अशी हाताने प्रत करूनच. नकलाकार लिहिता लिहिता चुकायचा, कधी शहाणपणाने दुरुस्त करायचा, कधी आपली ओवी घुसवायचा. ज्ञानेश्वरीचे असेच झाले होते. शके १५०६, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये एकनाथांनी उपलब्ध पोथ्या ताडून तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. आणि शेवटी बजावून ठेवले की या ग्रंथात कोणी आपल्या पदरची ओवी घालू नये. मराठीतले पाठसंपादनाचे हे इतके जुने काम आहे, आणि मागच्या तीनशे वर्षांत लोकांनी ग्रंथाशी किती मोकळेपणाने वागून घेतले होते त्याची ती साक्षही आहे.

नाथांना बंदी का घालावी लागली? कारण पोथीत एकदा बदल झाला की मूळ कोणते आणि जोड कोणती हे पुढच्याला कळायचा मार्ग नव्हता. आज विकिपीडियाच्या कोणत्याही पानावर ‘इतिहास’ उघडला की पहिल्या दिवसापासूनचे प्रत्येक रूप तिथे असते. कोणी, केव्हा, कोणता शब्द बदलला हे दिसते आणि चुकीचा बदल परतवता येतो. नाथांची काळजी रास्त होती. तिला आता बंदीवाचून उत्तर मिळाले आहे. मूळ सुरक्षित ठेवूनही बदलाची मुभा देता येते, हा मला ऑनलाइन शिक्षणाने दिलेला सर्वांत मोलाचा लाभ वाटतो. चित्रफितींपेक्षा, स्वयंचलित चाचण्यांपेक्षाही मोलाचा.

विकी शब्दाचे मूळ हवाईतले. ‘विकी विकी’ म्हणजे झटपट. होनोलुलूच्या विमानतळावर या नावाची बस धावे. तिच्यावरून वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये, वाचणाऱ्यालाच बदल करता येईल अशा आपल्या संकेतस्थळाला ते नाव दिले. २००१ मध्ये विकिपीडिया निघाला, २००३ मध्ये मराठी विकिपीडिया. त्याआधी आपल्याकडे ज्ञान एकत्र करण्याचा शब्द होता ‘कोश’. केतकरांचा ज्ञानकोश, वाईहून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी उभा केलेला विश्वकोश. कोश म्हणजे आवरण, म्यान, खजिना. रेशमाच्या किड्याच्या घरट्यालाही तोच शब्द. मौल्यवान वस्तू आत नीट ठेवणे हा त्याचा धर्म. हे दोन्ही कोश आज आंतरजालावर कोणालाही वाचता येतात, आणि मराठीत लिहिणाऱ्या मुलांना त्यांच्यासारखा आधार दुसरा नाही.

राहिला सहयोग. ‘सहकार’ म्हटले की महाराष्ट्रात १९५० च्या सुमाराचा प्रवरेचा साखर कारखाना डोळ्यांपुढे येतो, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ येतात. गांधीजींच्या चळवळीला हिंदीत ‘असहयोग’ म्हटले, मराठीने ‘असहकार’ पसंत केला. संस्कृतात मात्र ‘सहकार’ म्हणजे अतिसुगंधी आंबा. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात शकुंतलेची लाडकी वेल ज्या झाडाला बिलगते ते हेच. सभासद, भागभांडवल, निवडणूक यांनी हा शब्द आता इतका भरून गेला आहे की चार शिक्षकांनी मिळून एक पाठ तयार करण्याला तो लावला तर भलताच जड वाटतो.

त्यापेक्षा शिवारातले दोन शब्द जवळचे आहेत, इर्जिक आणि सावड. इर्जिकीत गावातले शेतकरी आपापले बैल आणि अवजारे घेऊन एकाच्या रानात उतरतात, नांगरट दिवसात उरकतात. मजुरी नाही, त्या घरचे जेवण. सावडीत आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. दिवसाची फेड दिवसाने. विकिपीडियाचे काम इर्जिकीच्या जातीचे. पाच शाळांच्या शिक्षकांनी धडे आपसांत वाटून घेऊन प्रश्नपेढी तयार करणे ही सावड. २०२० मध्ये शाळांना कुलपे लागली तेव्हा राज्यात ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ नावाची अभ्यासमाला रोज मोबाइलवर यायची. तिच्या मागेपुढे तालुक्यातालुक्यांतल्या शिक्षकांच्या गटांत जी देवाणघेवाण झाली, ती शुद्ध सावड होती. कोणी कृतिपत्रिका करायचे, कोणी आवाज द्यायचे, कोणी ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्या वस्तीवर छापील कागद पोचवायचे.

आयआयटी मुंबईत प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने सुरू झालेला ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प मोठ्या प्रमाणावरची इर्जिक आहे. संगणकावरचे एखादे काम शिकवणारी साधारण दहा मिनिटांची चित्रफीत. तिची संहिता आधी लिहिली जाते, ध्वनिमुद्रणापूर्वी ती नवख्या माणसाला समजते का हे पाहिले जाते, मग दुसरे कोणी ती मराठीत, तमिळमध्ये, आसामीत आणते. पडदा तोच राहतो, आवाज बदलतो. ज्याने मूळ संहिता लिहिली तो मराठी आवाज देणाऱ्याला ओळखतही नसतो, तरी अडत नाही, कारण मुभा आधीच दिलेली असते.

या मुभेसोबत एक अट येते: मूळ कर्त्याचे नाव ठेवायचे. याला आपण ‘श्रेय’ म्हणतो. ‘श्रेयस्’ म्हणजे अधिक चांगले, अधिक कल्याणाचे. कठोपनिषदात ते ‘प्रेय’ म्हणजे केवळ आवडत्याच्या समोर उभे केले आहे. मराठीने त्या शब्दाला, झालेल्या चांगल्याचे माप कोणाच्या पदरी घालायचे, हा अर्थ दिला. मोबाइलवर येणाऱ्या शैक्षणिक साहित्यात हे सर्वांत आधी पुसले जाते. कोणा शिक्षिकेने रात्र जागून केलेली तक्त्यांची फाइल तिसऱ्या गटात पोचेपर्यंत तिचे नाव खोडलेले असते आणि कधी दुसऱ्याचे चढलेले. देणाऱ्यांचा हात यामुळे आखडतो. मुभा आणि श्रेय या जोडीतले एक काढले की दुसरे फार दिवस टिकत नाही.

प्रथम बुक्सने ८ सप्टेंबर २०१५ ला सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’वर ही जोडी नीट सांभाळलेली दिसते. मुलांच्या सचित्र गोष्टी, क्रिएटिव्ह कॉमन्सच्या अटींवर. मेळघाटातल्या शाळेत पहिलीला येणारे कोरकू मूल घरी मराठी बोलत नाही. त्याची भाषा मराठीच्या कुळातलीही नाही, ती मुंडा गटातली, संताळी आणि मुंडारीची नातलग. त्याच्या गुरुजींना स्टोरीवीव्हरवरची एखादी मराठी गोष्ट कोरकूत करायची असेल, वाक्ये तोडून सोपी करायची असतील, शहरी बागेऐवजी सिपना नदीचा काठ घालायचा असेल, तर कोणाला अर्ज करावा लागत नाही. शेवटच्या पानावर मूळ लेखकाचे, चित्रकाराचे आणि अनुवादकाचे नाव राहते. त्या कोरकू रूपावरून उद्या कोणी गोंडीत केले, तर गुरुजींचे नावही त्याच पानावर असेल.